कर भरीन, नाव सांगणार नाही

प्रमोदिनी टिल्लूबद्दल आमच्या वेस्ट लंडनच्या मराठी मंडळींत कोणालाही विचारा, पहिलं वाक्य एकच ऐकाल, "फार हेकट बाई आहे हो." खरंय. हेकट आहे, तुसडी आहे, आणि एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणायची नाही. पण यंदा तिने ज्या गोष्टीला नाही म्हटलं ती मी जवळून पाहिली. मंडळात तिच्याबद्दल जे काही बरळलं जातंय, 'टॅक्स बुडवला', 'काळा पैसा', ते ऐकून माझं डोकं फिरलंय, म्हणून एकदाचं सांगून टाकते. ज्या मुलीमुळे हे घडलं तिला विचारून सांगतेय. न विचारता सांगितलं तर प्रमोदिनी माझं तोंड पुन्हा बघणार नाही.

मी मधुमती, हाउन्सलोला राहते. हीथ्रोच्या चेक-इन काउंटरवर जन्म काढला, त्यामुळे कोण बॅगेत किती वजन लपवतंय ते मला चेहऱ्यावरून कळतं. प्रमोदिनीच्या चेहऱ्यावरून मात्र आजवर काही कळलेलं नाही. ती स्लाऊची. नवरा शशिधर डॉक्टर होता, तो गेल्याला बरीच वर्षं झाली. ही मिडवाइफ. हाय स्ट्रीटवर हिच्याबरोबर चालायला लागलं की दाढीवाले बाप्ये थांबून 'हॅलो आंटी' करतात, कारण त्यांच्या आया सांगतात की तुला या बाईने बाहेर काढलं. कोण कोणाचं, कोणाला कितवं, कोणी कोणापासून लपवलं, सगळं हिला ठाऊक. पण पोटातलं पोटात.

एकदा माझ्या सख्ख्या भाचीला दिवस गेले होते. प्रमोदिनीला ते माहीत होतं, आणि तरी माझ्या टेबलाशी बसून माझ्याच हातची थालीपीठं खात ही बया हवापाण्याच्या गप्पा मारत होती. नंतर कळल्यावर मी तिला फाडून खाल्लं. म्हटलं, अगं माझी भाची ना ती? ती म्हणाली, "भाची तुझी. पोट तिचं." मी महिनाभर अबोला धरला. तिला त्याचं काही वाटलं नाही.

तिच्या या स्वभावाला एक कारणही आहे, आणि ते तिने मला फक्त एकदा सांगितलं. पूर्वी ज्या क्लिनिकला ती होती तिथे एक पोरगी घरच्यांना चोरून यायची. घरी पत्र पाठवू नका म्हणून हात जोडले होते तिने. प्रमोदिनीने फाइलवर लाल पेनाने तसं लिहिलं, रिसेप्शनला जाऊन सांगितलं, साहेबाला सांगितलं. तरी कॉम्प्युटरने अपॉइंटमेंटचं पत्र घरी पाठवलं, आणि ते मुलीच्या भावाने फोडलं. मुलगी पुन्हा क्लिनिकला आली नाही. कोणी वाईट नव्हतं गं, प्रमोदिनी म्हणाली, सगळी माणसं चांगलीच होती, पण नाव एकदा मशीनमध्ये गेलं की माणसांच्या हातात काही राहत नाही.

आता भिशीकडे येते. आम्ही पाचजणी. प्रमोदिनी, मी, ईलिंगच्या सीमा आणि स्वाती, आणि सगळ्यांत लहान कस्तुरी. दर महिन्याला जमायचं, सगळ्यांनी सारखे पैसे टाकायचे आणि एकीने उचलायचे, साधी आपली भिशी. बँकेचं व्याज म्हणजे चिमणीचा दाणा, तेव्हा प्रमोदिनीची भाची तनया एकदा म्हणाली, "मावशी, थोडे पैसे बिटकॉइनमध्ये ठेव ना." तनया इथेच जन्मली, स्लाऊच्या एका टेक कंपनीत आहे. "आणि एक्स्चेंजवर नको ठेवू, ती खरेदी-विक्री करणारी कंपनी चावी स्वतःकडे ठेवते. तुझा चावी तुझ्याकडेच पाहिजे." चावी तिच्या तोंडात पुल्लिंगी होती, पण मुद्दा प्रमोदिनीला असा पटला म्हणता. ज्या तिजोरीत बँक मॅनेजर डोकावू शकत नाही, नवरा डोकावू शकत नाही, मुलगा डोकावू शकत नाही, अशी तिजोरी तिला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी दाखवली होती.

मला त्यातलं जेवढं कळलं तेवढं सांगते. पेनड्राइव्हसारखं एक यंत्र असतं, त्याला वॉलेट म्हणतात, ते पिन घालून उघडायचं. आणि त्याबरोबर बारा इंग्लिश शब्द मिळतात. यंत्र हरवलं, बिघडलं, तरी ते बारा शब्द ओळीने घातले की पैसे परत हातात. पण ते शब्द दुसऱ्या कोणाला मिळाले, तर पैसे त्याचे. फोन करायला नंबर नाही, रडायला मॅनेजर नाही. तनया म्हणाली, शब्द कागदावर लिहू नका, कागद जळतो, भिजतो, स्टीलच्या पट्टीवर कोरून ठेवा, लोक विकत घेतात तशा पट्ट्या. प्रमोदिनीला हसू आलं. स्टीलवर कोरायला हिला पट्टी कशाला हवी? मंडळाच्या दिवाळीत सगळ्यांची पातेली आणि डबे एकमेकांत जातात म्हणून आमच्यात प्रत्येकीच्या भांड्यावर नाव घातलेलं असतं, आणि नाव घालायचं मशीन पुण्याहून आणलेलं एकटं प्रमोदिनीकडे. तिने बारा वाट्या घेतल्या आणि प्रत्येकीच्या बुडाला एक शब्द घातला. कडेला ठिपके, जितके ठिपके तितवा शब्द.

बरं, त्या कुलपात ठेवाव्यात की नाही? तर नाही. मला म्हणाली, कुलपात ठेवलेल्या वस्तूकडे चोराची नजर जाते, रोजच्या वाटीकडे कोण बघतंय? म्हणून त्या वाट्या इतर वाट्यांत, रॅकवर. आमटी त्याच वाट्यांत, कोशिंबीर त्याच वाट्यांत. शब्दांचं गुपित फक्त मला माहीत होतं, आणि तेही तिच्यामागे कोणीतरी एक हवं म्हणून.

एकीने उचलण्याऐवजी आम्ही दर महिन्याचे पैसे त्यातच साठवायला लागलो. पैसा वाढला. चांगलाच वाढला. मग जिला लागतील तेव्हा प्रमोदिनी आपल्या नावावरच्या एक्स्चेंजच्या खात्यातून थोडं विकायची आणि पैसे हातात ठेवायची. सीमाचं किचन झालं, माझं छप्पर झालं. कस्तुरीने एकदाच थोडे घेतले, ड्रायव्हिंग शिकायला.

कस्तुरीबद्दल सांगायला हवं. ती हाउन्सलोला एका केमिस्टकडे कामाला होती. नवरा अंशुमन मंडळाच्या कमिटीवर, दिवाळीला माइक त्याच्याच हातात, बायकांना वहिनी-वहिनी करत खुर्च्या देणारा. घरात त्याचं दुसरंच रूप. तिचा पगार त्याच्या खात्यात, तिचा फोन त्याच्या हातात, पोस्टमनने टाकलेलं प्रत्येक पत्र आधी तो फोडणार. हात उगारायचा नाही म्हणून कोणाला सांगायचीही सोय नाही. ती चकल्या-करंज्यांच्या ऑर्डरी घ्यायची आणि त्यातले थोडे भिशीत टाकायची. अंशुमनला वाटायचं, बायका जमतात आणि पाच-दहा पाउंडांची गंमत करतात. ड्रायव्हिंग शिकायला जायची तेव्हा सांगून जायची, प्रमोदिनीताईंकडे चकलीची भाजणी करायला चाललेय. भिशीतला तिचा वाटा म्हणजे तिची आणि तिच्या लेकीची, दियाची, त्या घरातून बाहेर पडायची वाट होती. दुसरी वाट नव्हती. घाईने निघायचं नाही, दियाचं शाळेचं वर्ष संपू दे, मग जागा बघू, असं तिचं आणि प्रमोदिनीचं ठरलं होतं.

आणि एप्रिलमध्ये टॅक्सवाल्यांचं पत्र आलं. आता नव्या नियमाने एक्स्चेंजवाले गिऱ्हाइकांची नावं सरकारला कळवणार आहेत हे आम्ही ऐकून होतो, पण ते बड्या धेंडांसाठी असेल असं धरून चाललो होतो. पत्र प्रमोदिनीच्या नावे होतं. तुम्ही क्रिप्टो विकलंय, नफा झालाय, तो दाखवलेला दिसत नाही, खुलासा करा.

चूक आमचीच होती, ते मी नाकारत नाही. पाचही बाया पै-पैचा टॅक्स भरणाऱ्या, पण भिशीवर टॅक्स असतो हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. भिशी ती भिशी, त्यात सरकारचा काय संबंध? प्रमोदिनी मात्र पत्र वाचून शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. नफा झाला, तर कर द्यायला हवा. या देशाच्या हॉस्पिटलात मी पगार घेतलाय, तो कोणाच्या तरी करातूनच आला होता." आणि आम्ही दोघी अंबरीशकडे गेलो.

अंबरीश मंडळाचाच खजिनदार, आमच्यातल्या निम्म्या लोकांचा अकाउंटंट. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "अहो प्रमोदिनीताई, ही काहीच भानगड नाही. पाच जणींचं आहे ना? पाचही नावं आणि पत्ते द्या, प्रत्येकीचा वाटा लिहू, प्रत्येकीला सूट मिळेल. कर अगदी किरकोळ बसेल."

"पत्ते दिल्यावर काय होईल?"

"काय होणार? प्रत्येकीच्या घरी एक पत्र जाईल."

प्रमोदिनीने माझ्याकडे बघितलंही नाही. "दुसरा मार्ग सांग."

"मग सगळं तुमचं एकटीचं आहे म्हणून लिहा. कर बराच बसेल, पण प्रकरण मिटेल."

"ते खोटं आहे."

"अहो, कोण बघतंय?"

"मी बघतेय. आणि उद्या मी मेले तर कागदावर सगळं माझं म्हणून माझ्या मुलाला जाईल. ज्यांचं आहे त्यांनी काय करायचं? टाळ कुटायचे?"

अंबरीश म्हणाला, नावं गुप्त ठेवायची विनंती करता येते, एखादीला घरी अडचण असेल तर तसं कळवता येतं, ते तशी खूण करून ठेवतात. ते ऐकून प्रमोदिनी जी उठली ती थेट जिन्यापाशी. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणतात, हिने तर तेव्हापासून दूधच सोडलं होतं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "लाल पेनाने लिहिलं होतं गं मी."

मे महिन्यात टॅक्स ऑफिसरशी व्हिडिओ कॉल झाला. बाई तरुण, बोलायला अगदी सौजन्याची, मागे भिंतीवर कसलंसं रोपटं. तिला मी दोष देणार नाही. ती तिचं काम करत होती. तिने वॉलेटमधले व्यवहार मागितले, प्रमोदिनीने ते तारखेवार दिले. मग तिने बाकी चौघींची नावं आणि पत्ते मागितले. मी, सीमा आणि स्वाती, आम्ही तिघींनी आपली नावं द्यायला सांगितली होती, ती प्रमोदिनीने दिली.

"आणि पाचवी व्यक्ती?"

"ते मी सांगणार नाही," प्रमोदिनी इंग्लिशमध्ये म्हणाली. तिचं इंग्लिश लेबर वॉर्डचं आहे, छोटी वाक्यं, मधे श्वास नाही. "तिच्या वाट्याचा कर किती होतो ते सांगा. मी आज भरते. जास्त लावायचा तर जास्त लावा. पैसे घ्या. नाव नाही."

ऑफिसरने समजावलं की सिस्टिममध्ये नावाशिवाय पैसे घ्यायची सोय नाही. वॉलेटमध्ये कोणाचं काय आहे हे कळल्याशिवाय प्रकरण बंद होत नाही. लेखी नोटीस येईल, तरी नाव दिलं नाही तर दंड, आणि मग रोजचा दंड.

"ठीक आहे. दंड पाठवा. माझा पत्ता तुमच्याकडे आहे."

"मिसेस टिल्लू, तुम्ही कोणाला तरी पाठीशी घालताय का?"

"मी आयुष्यभर दुसऱ्यांची माणसं सांभाळलीत," प्रमोदिनी म्हणाली, "कशी ते कोणाला सांगायची माझ्यावर कधी वेळ आली नाही." आणि कॉल तिनेच बंद केला. मला तिचा अभिमान वाटला, पण धास्तीही वाटली. रोजचा दंड म्हणजे काय गंमत आहे का? पेन्शनवर राहणारी बाई.

कॉल संपला तरी हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग. म्हणाली, आता शाळेचं वर्ष संपायची वाट बघायची नाही, कस्तुरीचा वाटा आत्ताच मोकळा करते, ती सुटली की तिचं नाव तिने काय करायचं ते करावं. यंत्र काढलं, पिन घातला, चुकला. पुन्हा घातला, चुकला. मी म्हटलं, जरा पाणी पी. "मला शिकवू नकोस" म्हणत तिसऱ्यांदा घातला, आणि यंत्राने सगळं पुसून टाकलं. तीनदा चुकलं की ते स्वतःला कोरं करतं, चोराच्या हाती लागू नये म्हणून. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

हरकत नाही, वाट्या आहेत. आम्ही रॅकवरच्या सगळ्या वाट्या ओट्यावर पालथ्या घातल्या. एक कमी. पुन्हा बघितल्या, फ्रिजमध्ये बघितलं, डिशवॉशरमध्ये बघितलं. मग प्रमोदिनीला आठवलं. पाडव्याला तिने श्रीखंड केलं होतं, आणि कस्तुरीला वाटी भरून दिलं होतं. घाईत वाटीचं बूड बघितलं नव्हतं.

आता आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. वाटी आली की त्यात चार दाणे साखर का होईना, काहीतरी घालूनच ती परत जायची. कस्तुरीच्या घरी तर साखरेच्या दाण्याचाही हिशेब, म्हणून ती वाटी भरायची संधी शोधत बसली होती, आणि वाटी अंशुमनच्या स्वयंपाकघरात पडून होती. तनयाला विचारलं तर म्हणाली, एकच शब्द नसेल तर प्रोग्रॅमने शोधता येतो, बाकीचे अकरा टाइप करून पाठव. प्रमोदिनी म्हणाली, अकरा शब्द मी कॉम्प्युटरला सांगायचे? त्यापेक्षा बारावा मी माणसाकडून आणते. उद्या केमिस्टकडे जाऊन कस्तुरीला गाठायचं ठरलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे पोचते न पोचते तोच दारावर बेल, आणि दारात अंशुमन. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू. आणि हातात ती वाटी, वर फॉइल लावलेलं.

"कस्तुरीने चिवडा पाठवलाय, काकू. म्हटलं, मीच देऊन येतो."

तो आत आला, बसला. वाटी मात्र ठेवेना, मांडीवर धरून बसला. प्रमोदिनीने चहा ठेवला, जणू काही गॅसवाला मीटर बघायला आलाय.

"काकू, काल कमिटीच्या मीटिंगला अंबरीश सांगत होता," तो म्हणाला. "नावं नाही घेतली हं त्याने. नुसतं म्हणाला, आपल्या बायकांच्या भिशीत बिटकॉइन निघालं आणि टॅक्सवाल्यांची नोटीस आली, एक बाई नावं सांगायला तयार नाही. सगळे हसले. मी म्हटलं, भिशीत तर आमची कस्तुरीपण आहे."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. अंबरीशला मी नंतर काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"तर कस्तुरीचे किती आहेत, काकू?"

"कशात?"

"काकू, मी नवरा आहे तिचा. मला माहीत असायला हवं ना? उद्या घरी टॅक्सचं पत्र आलं तर मला धक्का नको. मी मदत करायलाच आलोय." तो बोटांनी वाटी फिरवत होता. बुडाकडे त्याचं बोट गेलं. त्याने वाटी उचलून खालून बघितलं. "गूस? हे काय नाव आहे?"

"भांडी एकमेकांत जातात," प्रमोदिनी म्हणाली. "म्हणून खुणा आहेत. चहात साखर किती?"

"साखर नको. आकडा सांगा."

मग ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. बाई पाच फूटसुद्धा नाही, पण अडलेल्या बाळंतिणीसमोर उभं राहायची सवय असलेल्या माणसाचं उभं राहणं वेगळं असतं. "अंशुमन, नीट ऐक. सरकारने विचारलं, मी सांगितलं नाही. त्यांच्याकडे कायदा आहे, दंड आहे, कोर्ट आहे. तुझ्याकडे काय आहे? चिवडा?"

त्याचं हसू उतरलं. "मी टॅक्सवाल्यांना स्वतः फोन करू शकतो. बायकोचं नाव मीच देतो. मग काय कराल?"

"कर की. नंबर देऊ का? पत्रावर आहे. ते तुला पहिला प्रश्न विचारतील की तुझ्या बायकोचा पगार तुझ्या खात्यात का जातो. उत्तर तयार ठेव. आता माझी वाटी दे."

तो उठला. वाटी त्याने टेबलावर अशी आपटली की फॉइल फाटून चिवडा सगळीकडे उडाला. "तुम्हा म्हाताऱ्यांना फार माज आलाय," म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. प्रमोदिनीने दार उघडून धरलं, आणि तो गेल्यावर कडी लावली. म्हणाली, "मधू, तो आता घरी जाणार नाही, तिच्या कामावर जाईल. चल."

आम्ही त्याच्या आधी पोचलो, कारण तो हाउन्सलोच्या ट्रॅफिकमध्ये मोठ्या रस्त्याने गेला आणि मला त्या गावातली बोळं तोंडपाठ आहेत. कस्तुरी काउंटरमागे होती. प्रमोदिनीने तिला एवढंच सांगितलं, "त्याला कळलंय. आज निघायचं का उद्या, का निघायचंच नाही, ते तू ठरव. जे ठरवशील त्याला मी आहे." कस्तुरीने एकदा दाराकडे बघितलं, मग कोट घेतला. दियाच्या शाळेपर्यंत तिने माझी गाडी स्वतः चालवली. मला म्हणाली, "बसून राहिले तर मी परत जाईन, ताई. मला हाताला काम द्या."

त्या दुपारी प्रमोदिनीच्या ओट्यावर बारा वाट्या ओळीने पालथ्या पडल्या, तनया कामावरून धावत आली, नव्या यंत्रात बारा शब्द गेले, आणि वॉलेट उघडलं. कस्तुरीने आपल्या एकटीच्या नावाने खातं उघडलं आणि तिचा वाटा त्यात गेला. पुढे ती आणि दिया कुठे राहायला गेल्या ते मला विचारू नका. वकील गाठला, कोर्टाचा हुकूम आला, अंशुमनला आता त्यांच्या जवळपास फिरकता येत नाही. मंडळात तो सांगत फिरतो की टिल्लूकाकूंनी टॅक्स चोरला आणि त्याचं घर फोडलं. निम्मे लोक मान डोलवतात. डोलवू देत.

या सगळ्यात प्रमोदिनीवर नोटीस आली, मग दंड, मग रोजचा दंड. आम्ही तिघी म्हणालो, वाटून भरू. तिने आम्हाला हाकलून दिलं. म्हणाली, नाही मी म्हटलं होतं, किंमत मी देणार. तिने यंदाची भारताची फेरी रद्द केली आणि चेक पाठवत राहिली, प्रत्येक चेकबरोबर एका ओळीची चिठ्ठी: दंड जोडला आहे, नाव नाही. मला ती ऑफिसर त्या चिठ्ठ्या वाचताना दिसायची आणि हसू यायचं. आतून मात्र मी घाबरले होते. अशाने हिचं घर जाईल असं वाटायचं.

मग जुलैमध्ये एका सकाळी कस्तुरी आली. केस कापलेले, अंगात नवा शर्ट. म्हणाली, "प्रमोदिनीताई, त्या ऑफिसर बाईचा नंबर द्या."

"तुझी अजून तयारी नसेल तर राहू दे. माझं चाललंय."

"माहितेय, तुमचं चाललंय ते. नंबर द्या."

तिने फोन स्पीकरवर ठेवला. आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्या. ऑफिसर तशीच सौजन्याची होती. दंड आधीच लागलाय तो माफ होणार नाही, असं तिने आधीच सांगून टाकलं, आणि प्रमोदिनी मागून "मी माफी मागितलीय का?" म्हणाली. मग ऑफिसरने कस्तुरीला विचारलं की ही माहिती द्यायला मिसेस टिल्लूंनी इतके महिने का नकार दिला, त्याची काही नोंद तुम्हाला करायची आहे का?

कस्तुरीचं इंग्लिश कच्चं आहे, पण ते वाक्य तिने घरून जुळवून आणलं नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"हो, लिहा," ती म्हणाली. "कारण ते नाव त्यांचं नव्हतं. माझं होतं. सांगायचं की नाही, ते मी ठरवायचं होतं. आता मी सांगतेय."

आणि तिने आपलं लग्नाआधीचं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, आणि त्यापुढे आपला पत्ता.